एक शस्त्र, अनेक नळ्या : कॅलिबर बदलता येणाऱ्या बंदुकांच्या नोंदणीचा प्रश्न

नोंदवहीत ज्या वस्तूची नोंद करावयाची ती वस्तू आज आहे तशीच उद्याही राहील, हे प्रत्येक नोंदणीपद्धतीचे पहिले गृहीत होय. जमिनीस सर्व्हे नंबर असतो. मोटारीचे इंजिन बदलले तरी सांगाड्यावरील क्रमांकावरून ती ओळखता येते. बंदुकीच्या बाबतीतही दीर्घकाळ असेच मानले गेले. बनावट, क्रमांक आणि बोअर एवढा तपशील लिहिला म्हणजे शस्त्राची ओळख पूर्ण झाली, अशी समजूत होती. परंतु ज्या बंदुकीची नळी मालकास घरबसल्या काही मिनिटांत बदलता येते व त्यामुळे जी सकाळी एका काडतुसाची आणि सायंकाळी दुसऱ्या काडतुसाची होते, तिच्या बाबतीत ही समजूत टिकत नाही. अशा बंदुकीचे कॅलिबर म्हणून नोंदवहीत काय लिहावयाचे? तिच्या तीन नळ्या असतील तर शस्त्र एक की तीन? हे प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचे वाटतात. वस्तुतः कायद्याच्या दृष्टीने ‘शस्त्र’ म्हणजे नेमके काय, हा मूलभूत प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे; आणि त्याच्या उत्तरावर एखादा मालक निर्दोष ठरतो की अपराधी, हे अवलंबून असते.

रचनेविषयी थोडेसे

बंदुकीचे मुख्य भाग तीन. पहिला भाग नळी. तिच्या मागील टोकाशी काडतूस बसण्याची जागा असते, तीस चेंबर म्हणतात. दुसरा भाग बोल्ट. तो चेंबर मागून बंद करतो आणि स्फोटाचा दाब अडवितो. तिसरा भाग रिसीव्हर, म्हणजे नळी, बोल्ट आणि चापाची यंत्रणा यांना एकत्र धरून ठेवणारा सांगाडा. कॅलिबर हा शब्द मुळात नळीच्या आतील व्यासाचा वाचक आहे. व्यवहारात मात्र तो विशिष्ट काडतुसाच्या नावासाठी वापरला जातो. या द्व्यर्थामुळे पुढे बराच घोटाळा होतो.

दोन काडतुसांच्या बुडाचा व्यास सारखा असेल तर बोल्ट तोच ठेवून केवळ नळी बदलली तरी भागते. .३०८ विंचेस्टर आणि .२४३ विंचेस्टर ही अशीच जोडी होय. .२२३ रेमिंग्टन आणि २०११ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेले .३०० ब्लॅकआऊट यांचेही तसेच आहे; त्यांना मॅगझिनसुद्धा एकच चालते. बुडाचा व्यास निराळा असल्यास बोल्ट किंवा निदान त्याचे तोंड बदलावे लागते. जर्मनीत २००८ साली बाजारात आलेली ब्लाझर आर-८ ही शिकारी रायफल अशा अदलाबदलीसाठीच योजलेली आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कॅलिबर हा संपूर्ण बंदुकीचा गुणधर्म नव्हे. तो नळीचा, आणि काही अंशी बोल्टचा गुणधर्म आहे. रिसीव्हरला स्वतःचे असे कॅलिबर बहुधा नसतेच. आणि तरीही अनेक देशांत क्रमांक कोरला जातो तो मुख्यतः रिसीव्हरवर.

अमेरिकेचा मार्ग : सांगाडा म्हणजेच शस्त्र

अमेरिकेच्या १९३८ च्या संघीय कायद्याने बंदुकीच्या व्याख्येत तिच्या ‘कोणत्याही भागाचा’ समावेश केला होता. प्रत्येक स्क्रू आणि स्प्रिंग यांवर नियंत्रण ठेवणे अव्यवहार्य आहे, असे अनुभवास आल्यावर १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टने ही व्याख्या आकुंचित केली. पूर्ण शस्त्राखेरीज त्याचा सांगाडा, म्हणजे फ्रेम किंवा रिसीव्हर, तेवढा शस्त्र मानावयाचा असे ठरले, आणि उत्पादकाचा क्रमांक त्यावरच असावा असा दंडक घातला गेला. परिणामी संघीय कायद्यापुरते बोलावयाचे तर सुटी नळी ही केवळ एक वस्तू ठरली. एका रिसीव्हरसाठी पाच नळ्या घेतल्या तरी कायद्याच्या दृष्टीने शस्त्र एकच राहते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सामान्य रायफली व पिस्तुले यांची मध्यवर्ती नोंदणी अमेरिकेच्या संघीय कायद्यात नाही. १९८६ च्या कायद्याने तशी नोंदवही निर्माण करण्यास मनाईच केली. विक्रेत्याने आपल्या दप्तरात बनावट, क्रमांक, प्रकार आणि कॅलिबर लिहून ठेवावयाचे, एवढेच बंधन आहे. खरी नोंदणी आहे ती १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येणाऱ्या मोजक्या प्रकारांची. यंत्रबंदुका, आवाज दाबणारी साधने, आखूड नळीच्या रायफली इत्यादींचा त्यांत समावेश होतो. सोळा इंचांहून आखूड नळीची रायफल बनविण्यापूर्वी अर्ज करून मान्यता घ्यावी लागते. त्यासाठी पूर्वी २०० डॉलर कर द्यावा लागे. १ जानेवारी २०२६ पासून अशा रायफलींवरील हा कर शून्य झाला, परंतु कायद्यातील नोंदणीची अट त्याबरोबर काढून टाकण्यात आली नाही.

बदलत्या नळ्यांचा प्रश्न या कायद्याखाली १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. थॉम्प्सन-सेंटर या कंपनीचे ‘कंटेंडर’ नावाचे एकबारी पिस्तूल नळ्या बदलता येतील असे बनविलेले होते. कंपनीने त्याबरोबर खांद्याला लावावयाचा दस्ता आणि २१ इंची नळी असा संच तयार केला. पिस्तुलाची मूळ नळी १० इंचांची. आता या भागांपासून तीन गोष्टी होऊ शकत होत्या : मूळ पिस्तूल, दस्ता आणि लांब नळी जोडून रायफल, किंवा दस्ता आणि आखूड नळी जोडून करपात्र आखूड रायफल. पहिल्या दोन निर्वेध, तिसरी नोंदणीयोग्य. सर्व भाग एकत्र विकले, पण जोडले नाहीत, तर तिसरी वस्तू ‘बनविली’ असे म्हणता येईल काय? कंपनीने २०० डॉलर भरले आणि ते परत मिळावेत म्हणून दावा लावला.

पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने निकाल कंपनीच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती सूटर यांच्या अभिप्रायाचा आशय असा : ज्या भागांचा उपयोग केवळ नियंत्रित शस्त्र जोडण्यासाठीच होऊ शकतो, ते एकत्र ठेवणे म्हणजे शस्त्र बनविणे होय, परंतु येथे त्या भागांना एक निर्वेध उपयोगही आहे. अशा स्थितीत कायद्याचा अर्थ संदिग्ध राहतो, आणि ज्या कायद्याचा भंग फौजदारी गुन्हा ठरतो त्यातील संदिग्धतेचा फायदा नागरिकास मिळाला पाहिजे. दावा होता दोनशे डॉलरचा. प्रश्न मात्र असा होता, की मनुष्यास त्याच्याजवळील वस्तूंतून काय होऊ शकते यासाठी जबाबदार धरावयाचे, की त्याने प्रत्यक्ष काय केले यासाठी?

सांगाडा म्हणजेच शस्त्र हे सूत्र सोपे असले तरी पूर्ण निर्दोष नाही. १९६८ नंतरच्या नियमांतील व्याख्येप्रमाणे रिसीव्हर म्हणजे हॅमर, बोल्ट आणि चापयंत्रणा यांना सामावून घेणारा भाग. एआर-१५ जातीच्या रायफलीत मात्र हा सांगाडाच दुभंगलेला आहे : चाप व हॅमर खालच्या भागात, बोल्ट व नळी वरच्या भागात. क्रमांक खालच्या भागावर. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातील व २०१९ मध्ये ओहायोतील संघीय न्यायालयांत खालचा भाग एकटा या व्याख्येत बसत नाही असे ठरून खटले कोसळले. त्यानंतर २०२२ च्या नियमाने व्याख्या नव्याने केली. लांब बंदुकीत बोल्टला आधार देणारा भाग तो रिसीव्हर, असे तत्त्व त्यात सांगितले. आणि लगेच एआर-१५ चा खालचा भाग मात्र पूर्ववत रिसीव्हरच समजावा, असा अपवादही लिहिला. तत्त्व एका दिशेस आणि रूढ व्यवहार दुसऱ्या दिशेस, असे झाल्यावर कायद्याने रूढीचा स्वीकार केला.

जर्मनीचा मार्ग : दाब सोसणारा प्रत्येक भाग शस्त्रासमान

जर्मन कायद्याने विचार केला तो उलट टोकाकडून. शस्त्राची घातकता ज्या भागांतून उत्पन्न होते ते ‘आवश्यक भाग’ शस्त्रासमान मानावयाचे, असे त्याचे धोरण आहे. नळी आणि बोल्ट यांचा त्यात पूर्वीपासून अंतर्भाव होता. १ सप्टेंबर २०२० पासून सांगाड्याचे वरचे व खालचे भागही त्यात आले. युरोपीय संघाच्या १९९१ च्या निर्देशात २०१७ साली झालेली दुरुस्ती हे त्याचे निमित्त होते. म्हणून जर्मनीत सुटी नळी ही केवळ वस्तू नाही. तिची नोंद करावी लागते. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय शस्त्रनोंदवहीत आता शस्त्रास एक आणि सुट्या आवश्यक भागास दुसरा असे वेगळे नोंद-क्रमांक मिळतात.

परंतु प्रत्येक नळीसाठी नवा परवाना मागितला तर बदलत्या नळ्यांची सोयच नाहीशी होईल. म्हणून जर्मन कायद्याने एक मधला मार्ग काढला आहे. ज्याच्या परवानापत्रकात मूळ शस्त्राची नोंद आहे त्याला त्याच शस्त्रासाठी समान किंवा कमी कॅलिबरची बदली नळी, तिला लागणाऱ्या बोल्टसह, पूर्वपरवानगीशिवाय घेता येते; मात्र दोन आठवड्यांच्या आत तिची वर्दी दिली पाहिजे. यामागील तर्क स्पष्ट आहे. अधिक शक्तीच्या शस्त्राविषयी ज्याची पात्रता एकदा तपासली गेली, त्याच्या हाती कमी शक्तीचे साधन आल्याने धोका वाढत नाही.

हा तर्क योग्य असला तरी त्यातील मापदंड सदोष आहे. व्यासावरून शक्तीचे माप होत नाही. नेमबाजीतील .२२ लाँग रायफल आणि .२२३ रेमिंग्टन या दोहोंच्या गोळ्यांचा व्यास जवळजवळ सारखाच. परंतु दुसरीची ऊर्जा पहिलीच्या सुमारे दसपट आहे. ‘कमी कॅलिबर’ हे शब्द लिहिणे सोपे. त्यांतून ‘कमी सामर्थ्य’ हा अर्थ आपोआप निघत नाही.

भारतीय कायद्याशी तुलना

भारतात १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येप्रमाणे ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेत शस्त्राचे भागही येतात. म्हणजे अमेरिकेने १९६८ मध्ये टाकून दिलेली व्यापक व्याख्या येथे कायम आहे. पंचेचाळिसाव्या कलमाने किरकोळ भागांना काही परिस्थितीत सूट दिली आहे. पण नळीस किरकोळ भाग म्हणणे कठीण आहे.

ही व्याख्या इतर कलमांशी जोडून वाचली म्हणजे अडचणी दिसू लागतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. व्याख्या शब्दशः लावल्यास दोन जादा नळ्यांची एक रायफल म्हणजे तीन अग्निशस्त्रे होतील, आणि मर्यादा ओलांडली जाईल. आठव्या कलमाप्रमाणे ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानेच ते चिन्ह खोडले असे गृहीत धरले जाते. उलट सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. कारखान्यातूनच क्रमांकाविना आलेल्या नळीस हे गृहीत लावले तर ते अन्याय्य होईल, हे उघड आहे. सहाव्या कलमात २०१९ मध्ये आणखी एका मनाईची भर पडली : नियमांत सांगितलेल्या एका वर्गातील शस्त्राचे दुसऱ्या वर्गात रूपांतर परवान्यावाचून करता येणार नाही. ज्या शस्त्रात नळी बदलणे हा नित्याचा वापर आहे, तेथे साधा वापर कोठे संपतो आणि रूपांतर कोठे सुरू होते? ‘रूपांतर’ या शब्दात स्थायी फेरफार अभिप्रेत मानावा, की क्षणभराची जुळणीही पुरेशी समजावी? कंटेंडर पिस्तुलाच्या खटल्यातील वाद याच शब्दाभोवती पुन्हा उभा राहू शकतो.

नोंदवहीने काय सांगावे?

या तिन्ही पद्धतींचे मूल्यमापन करताना नोंदणीचा हेतू विसरून चालणार नाही. नोंदवहीकडून तीन प्रश्नांची उत्तरे अपेक्षित असतात : शस्त्र कोणाचे, त्याचे सामर्थ्य किती, आणि गुन्ह्याच्या जागी सापडलेली गोळी कोणत्या शस्त्रातून सुटली. पहिल्याचे उत्तर सांगाड्यावरील क्रमांक देतो. दुसऱ्याचे उत्तर नळीत आहे. तिसऱ्याचे उत्तर तर सांगाड्यात मुळीच नाही. गोळीवर उमटणारे आटे नळीचे असतात, आणि काडतुसाच्या बुडावरील खुणा बोल्टच्या व फायरिंग पिनच्या. म्हणजे केवळ सांगाड्याची नोंद ठेवणारी पद्धती सापडलेल्या बंदुकीचा माग काढू शकते, सापडलेल्या गोळीचा नव्हे. नळी बदलून जुनी टाकून दिली, की नोंदवहीतील शस्त्र जसेच्या तसे राहते आणि पुरावा मात्र निघून जातो.

उलटपक्षी प्रत्येक भागास स्वतंत्र शस्त्र मानल्याने अर्ज, वर्दी आणि मुदती यांचे जाळे वाढते, व त्यात गुन्हेगारापेक्षा निष्काळजी परंतु निरपराध मालकच अधिक अडकण्याचा संभव असतो. यावर विवेकाचा मार्ग एवढाच दिसतो, की ओळख आणि गुणधर्म यांची गल्लत टाळावी. शस्त्राची संख्या सांगाड्यावरून मोजावी. नळी व बोल्ट यांवर क्रमांक असावेत, पण ते त्या शस्त्राच्या नोंदीखालीच लिहावेत. आणि कॅलिबरचा रकाना एका उत्तराचा न ठेवता यादीचा ठेवावा. परवान्याची मर्यादा त्या यादीतील सर्वांत समर्थ काडतुसावरून ठरवावी, व्यासावरून नव्हे. असे केले तर यादीबाहेरची नळी जोडणे हेच ‘रूपांतर’ होय, अशी स्पष्ट रेषा मिळते, आणि ती मालकास आगाऊ दिसू शकते. फौजदारी कायद्याकडून नागरिकाची किमान अपेक्षा हीच असते, की आपण रेषेच्या कोणत्या बाजूस उभे आहोत हे त्याला खटल्यापूर्वी कळावे.