शनिवार, सकाळी नऊ, औषधांची खिडकी

शनिवारी सकाळी नऊ वाजता तुम्ही काय करत असता? खरं सांगा! बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षाला असलेली माझी मावसबहीण त्या वेळी पुण्यात महापालिकेच्या एका दवाखान्यात, औषधांच्या खिडकीशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली असते. पगार शून्य, एसी नाही, चहा मात्र मिळतो. ‘सीव्हीवर एक ओळ वाढेल’ एवढाच सुरुवातीचा फंडा होता, हे ती स्वतःच कबूल करते.

मध्यंतरी मीही तिच्याबरोबर एक सकाळ काढली. केसपेपर आत जातो, गोळ्या बाहेर येतात, ‘सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर’ एवढं कानावर पडतं, तोवर मागचा माणूस पुढे सरकलेला असतो. फार्मासिस्ट मॅडमचा दोष नाही, रांग पार जिन्यापर्यंत असते. स्टुलावरच्या मुलीचं काम त्यानंतर सुरू होतं. बाहेर पडणाऱ्याला थांबवायचं आणि विचारायचं, ‘काका, आता ही गोळी कशी घेणार, सांगा बरं मला?’

उत्तरं ऐकून आपण उडतोच. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम विरघळवायचं असतं. कुणी ते पेल्यात चमचा-चमचा टाकून देतं. जुलाब झालेल्या बाळाला झिंकची गोळी १४ दिवस द्यायची, पण जुलाब थांबले की तिसऱ्याच दिवशी ती बंद. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे लघवी लालसर-केशरी होते. यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण ते आधी सांगितलं नाही तर माणूस धसका घेऊन कोर्सच सोडतो. ‘हे सगळं मला पाठ होतं,’ बहीण म्हणाली, ‘पण समोरच्याला कळेल असं सांगताच येत नव्हतं. पहिले दोन शनिवार नुसती ततपप!’

साडेदहाच्या सुमारास एक आजी आल्या. बीपीच्या गोळ्या घेतल्या आणि बाकावर टेकल्या. ‘पोरी, आठ दिवस झाले, उठलं की गरगरतंय बघ. पायपण सुजलेत.’

‘आजी, घरात आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?’

आजींनी पिशवीतून एक चकचकीत स्ट्रिप काढली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली. ‘सरकारी गोळीत ताकद कमी असते ना, म्हणून दोन्ही घेते.’

बहिणीने दोन्ही स्ट्रिप उलट्या केल्या. ब्रँडच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, अम्लोडिपिन. सरकारी स्ट्रिपवरही तेच. म्हणजे आजी रोज डबल डोस घेत होत्या.

‘आजी, एक बंद करा’ असं माझ्या तोंडावर आलं होतं. बहीण मात्र गप्प राहिली. औषध बंद करायचं की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. आणि १९४८ च्या फार्मसी ॲक्टप्रमाणे औषध द्यायचं ते नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनं. ती अजून दोन्ही नाही. ती दोन्ही स्ट्रिप घेऊन मॅडमकडे गेली, मॅडम रांग थांबवून आजींना थेट डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. बीपी तपासलं. डॉक्टरांनी एक स्ट्रिप बाजूला ठेवली, केसपेपरवर तसं लिहिलं आणि आठवड्याने परत बोलावलं. आजी थँक्यू म्हणाल्या असतील असं वाटतंय? छे! ‘बाहेर पैसे मोजलेत मी त्याचे!’ म्हणून तणतणत गेल्या.

बी.फार्म. झालेली बरीच मुलं प्लांटमध्ये, क्वालिटी कंट्रोलमध्ये, मार्केटिंगमध्ये किंवा ड्रग सेफ्टीच्या डेस्कवर जातात. पेशंट त्यांना भेटतो तो कॉम्प्युटरवरच्या केस रिपोर्टमध्ये. डी.फार्म.ला किमान तीन महिन्यांत ५०० तासांचं प्रॅक्टिकल ट्रेनिंग सक्तीचं असतं आणि फार्म.डी.च्या सहा वर्षांतलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. शनिवारचे हे तास त्यात धरले जातील असं समजू नका, आधी कॉलेजला विचारा. पण ‘डुप्लिकेट थेरपी’ म्हणजे काय, हे मुलाखतीत माझी बहीण आता व्याख्या न सांगताही समजावू शकेल.

जायचं असेल तर प्राचार्यांचं पत्र घेऊन दवाखान्याच्या मेडिकल ऑफिसरना भेटा. हिपॅटायटिस बीच्या लशी झाल्यात का ते बघा. सुरुवातीला कपाटं आवरायला लावतील, आधी एक्स्पायर होणारा माल पुढे, नंतरचा मागे. कंटाळू नका, नोकरीतही हेच करायचं आहे. वहीत रोज काय शिकलात ते लिहा, पण पेशंटचं नाव नको. आणि नुसत्या सर्टिफिकेटसाठी जाणार असाल तर प्लीज, घरी झोपा. दोन शनिवार येऊन गायब होणाऱ्यांना तिथला स्टाफ जाम वैतागलाय.

आजी परत येतील की नाही, याचं बहिणीने आठवडाभर टेन्शन घेतलं होतं. पुढच्या शनिवारी दुपारी तिचा फोन आला. आजी आल्या होत्या. गरगरणं कमी होतं, पाय अजून थोडे सुजलेले. या वेळी मोठी पिशवी होती आणि तीत आजोबांच्याही सगळ्या गोळ्या.