रोग्याचा कागद फुटला, तर भरपाई कोणाला?

नांदगाव खंडेश्वर : "आपला रिपोर्ट कोनं पाह्यला तं काय बिघडते?" असे आपल्याकडे सहज बोलले जाते. पण एचआयव्ही, क्षयरोग किंवा मानसिक आजाराचा कागद चावडीवर पोचला, की पोरीची सोयरीक मोडते, मजुराचे काम सुटते.

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या 'हेल्थ सोल्युशन्स' या पॅथॉलॉजी लॅबचे हजारो रुग्णांचे रिपोर्ट इंटरनेटवर उघडे पडलेले आढळले. त्यात एचआयव्ही तपासणीचेही होते. आता आभा कार्डामुळे खेड्यातल्या रोग्याच्या नोंदीही संगणकावर चढत आहेत.

दंड तिजोरीत, रोगी कोरडा

खासगी लॅब वा दवाखान्याच्या हलगर्जीने माहिती फुटून नुकसान झाले, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ ने रोग्याला भरपाईचा हक्क दिला. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे, म्हणजे थेट मंत्रालयात न्यावा लागतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अडीचशे कोटींपर्यंत दंड आहे, पण तो सरकारी तिजोरीत जातो. उभ्या पिकात जनावरे शिरली, कोंडवाड्याचा दंड वसूल झाला, पण ज्याचे पीक गेले तो तसाच, अशातली ही गत. शिवाय हाच कायदा ४३-अ रद्द करतो. नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेत त्यासाठी अठरा महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणजे मे २०२७ पासून तो दरवाजा बंद.

जवळची वाट

उरतो अमरावतीचा जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहकाने विश्वासाने सांगितलेली खासगी माहिती दुसऱ्याला उघड करणे, ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी. बिल पाच लाखांच्या आत असेल, तर फी नाही. मात्र सेवा पैसे मोजून घेतलेली हवी. सर्वांनाच फुकट उपचार देणारा सरकारी दवाखाना यात येत नाही.

म्हणून पावती फेकू नका. बिल, रिपोर्ट आणि फुटलेला कागद ज्या मोबाईलवर आला त्यातला मजकूर तारखेसह जपून ठेवा. भरती झालेल्या रोग्याने मागितल्यास ७२ तासांत नोंदी देणे २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी अन् आशाताईंनीही ध्यानात घ्यावे. कोरोनाच्या काळात, २०२० साली, बाधितांच्या याद्या गावोगावी मोबाईलवर फिरल्या. रोग्यांची यादी गावाच्या ग्रुपवर टाकू नये. एकदा फिरलेले नाव कोणताही आयोग परत आणू शकत नाही.