वेग, वजन आणि सफाई : जुन्या शर्यतींच्या मोटारींविषयीचे काही गैरसमज

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर आमच्या पिंगळीच्या शिवारात ज्याने एकदा तरी भरलेली बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली काळ्या रानातून सडकेपर्यंत आणली आहे, त्याला घसरण म्हणजे काय हे कोणत्याही ग्रंथावाचून ठाऊक असते. आणि तरीही, परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील ह्या गावी, माळवदाच्या खोलीत संगणकापुढे बसून, मी आणि माझा पुतण्या १९६७ सालची शर्यतीची मोटार हाकण्याचा अभ्यास गेली दोन वर्षे नियमाने करीत आहोत असे कळताच जे प्रश्न मला विचारले जातात, त्यांवरून असे दिसते की चिखलातील ते ज्ञान आणि ह्या विद्येतील ज्ञान मुळात एकच आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी आलेली नाही. प्रश्न विचारणारी माणसे समंजस आहेत, त्यांचे गैरसमजही स्वाभाविक आहेत. म्हणून त्यांचा तपशीलवार खुलासा करणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत प्रथम ऐकू येते ते हे, की सिम्युलेटर म्हणजे पोराटोरांचा खेळ, ज्यात भिंतीवर आपटूनही गाडी पुढे धावतच राहते. असे खेळ आहेत, परंतु सिम्युलेटर हा निराळा वर्ग आहे. इटलीतील कुनोस सिम्युलाझिओनी ह्या संस्थेचा असेटो कोर्सा घ्या, किंवा अमेरिकेतील आयरेसिंग घ्या. चारही टायरांवर त्या क्षणी किती भार आहे, ते किती अंशांनी तिरपे घसरत आहेत, सस्पेन्शन किती दबले आहे, ह्याचे गणित हे कार्यक्रम दर सेकंदाला तीनशेहून अधिक वेळा नव्याने मांडतात आणि त्यातून निघणारा जोर स्टिअरिंगमधील मोटरच्या द्वारे आपल्या हातांपर्यंत पोहोचवितात. ह्या परंपरेतील एक मूळपुरुष म्हणजे १९९८ साली पॅपायरस ह्या कंपनीने काढलेला ग्रां प्री लेजंड्स. १९६७ च्या मोसमातील मोटारी त्यात जशाच्या तशा उतरविण्याचा प्रयत्न होता, आणि तो घडविणारे डेव्ह केमर हेच पुढे आयरेसिंगच्या संस्थापकांपैकी एक झाले. तो पहिल्यांदा चालवू पाहणाऱ्याची गाडी पहिल्याच वळणावर गरकन फिरे आणि कार्यक्रमातच काही खोट असावी असा त्याचा समज होई. वास्तविक त्या मोटारीच तशा होत्या.

येथेच दुसरा गैरसमज उभा राहतो : जुनी गाडी म्हणजे संथ गाडी, आणि संथ म्हणजे सोपी. ४ जून १९६७ रोजी हॉलंडमधील झांडफोर्टच्या मार्गावर जिम क्लार्कने जी लोटस ४९ तिच्या पहिल्याच शर्यतीत जिंकून दाखविली, तिचे वजन सुमारे ५०० किलो आणि तिच्या तीन लिटरच्या कॉसवर्थ इंजिनाची शक्ती सुमारे ४०० अश्वशक्ती होती. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेली मारुती ८०० डोळ्यांपुढे आणा. तिच्याहून हलक्या सांगाड्यात तिच्या दसपट बळ कोंडले म्हणजे जे होईल, ते हे वाहन. त्यात ते इंजिन खालच्या फेऱ्यांवर मंद आणि सुमारे साडेसहा हजार फेऱ्यांपाशी एकाएकी उसळणारे. गाडीला हवेच्या दाबाने जमिनीशी जखडून ठेवणारे पंख नव्हते, कारण ते ग्रां प्रीच्या मोटारींवर १९६८ साली आले. आधुनिक शर्यतीच्या मोटारीत वेग वाढला की पकडही वाढते. ह्या गाडीत वेग वाढला की केवळ जोखीम वाढते. म्हणून आजच्या फॉर्म्युला वनचा खेळ ज्याला उत्तम येतो, त्याला ही गाडी आयती येईल असे धरून चालणे चुकीचे आहे. तेथे वळणापूर्वी ब्रेक प्रारंभीच सर्व बळाने दाबून मग सोडीत जावा लागतो, कारण हवेचा दाब आरंभी सर्वाधिक असतो. येथे तसे केले तर पुढची चाके जागच्या जागी जखडतात.

आता ज्या गैरसमजापाशी मला अधिक काळ थांबावयाचे आहे त्याकडे येतो. सफाईने हाकणे म्हणजे हळू हाकणे, हळुवारपणे, जपून, भीत भीत हाकणे, असे बहुतेकांना वाटते, आणि शिकणारा पहिले काही महिने ह्याच समजुतीपायी वाया घालवितो. सफाईचा संबंध वेगाशी नाही, वजनाच्या हालचालीशी आहे. गाडीतील वजन स्थिर नसते. ब्रेक दाबला की ते पुढच्या चाकांवर येते, रेस दिली की मागच्या चाकांवर जाते, वळण घेतले की बाहेरच्या अंगाला झुकते. बैल एकदम थबकले म्हणजे गाडीतील कडबा जसा जूकडे सरकतो, तसे. आणि टायरचा एक विलक्षण धर्म असा आहे, की त्याच्यावरील भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, त्याहून काहीशी कमीच भरते. ह्याचा अर्थ असा, की एका चाकावरील भार काढून दुसऱ्यावर टाकला तर दुसऱ्याच्या लाभातून पहिल्याची हानी पुरती भरून निघत नाही. जमाखर्चात तूट येतेच. ती तूट कोठे, कधी आणि किती झपाट्याने पडू द्यावयाची, हे चालकाच्या हाती असते, आणि ह्या अधिकाराचा विवेकाने केलेला वापर ह्यालाच मी सफाई म्हणतो.

माझा पुतण्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक फेरीला एकाच वळणावर गरकन फिरत होता. वेग जास्त झाला असे वाटून तो वळणाच्या मध्यावर ॲक्सिलेटरवरचा पाय झटकन उचली. "काका, मी तर काहीच केलं नाही, नुसता पाय काढला," असे तो काकुळतीने म्हणे. "पाय काढलास, हेच तर केलंस," असे मी त्याला सांगितले, परंतु त्याचा अर्थ त्याला उमजावयास पंधरा दिवस लागले. पाय उचलताच इंजिन मागच्या चाकांना रोखते, वजन पुढे धावते, मागची चाके हलकी होतात, आणि वळणाच्या रेट्याने गाडीची शेपटी बाहेर पडते. तोच पाय अर्ध्या सेकंदात, उतरत्या क्रमाने काढला असता तर गाडीने नाक किंचित आत घेऊन वळण बिनबोभाट पुरे केले असते.

तीन वेळा जगज्जेता झालेला जॅकी स्टुअर्ट हे तत्त्व समजाविण्यासाठी मोटारीच्या बॉनेटवर एक उथळ वाडगा ठेवून त्यात चेंडू सोडीत असे आणि तो बाहेर न पडू देता गाडी वेगाने हाकण्यास सांगत असे. आमच्याकडे विहिरीवरून काठोकाठ भरलेली घागर आणणाऱ्या बायकांना हा पाठ कोणी शिकविला नव्हता; त्या भरभर चालत आणि पाणी हिंदकळत नसे, कारण पाऊल उचलण्यात आणि टेकण्यात कोठेही धक्का नसे. क्लार्कविषयी तर त्याच्या मेकॅनिकांनी नमूद करून ठेवले आहे, की सर्वांच्या पुढे धावूनही त्याच्या ब्रेकचे पॅड इतरांपेक्षा कमी झिजत. हा क्लार्क स्कॉटलंडमधील एका मेंढपाळी करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा होता आणि जगज्जेता झाल्यावरही आपला धंदा शेती असेच मानीत असे. त्याने ७२ ग्रां प्रींत भाग घेऊन २५ जिंकल्या. हा हिशेब मांडताना त्याच्या शेतकरीपणाचा मला जो आनंद होतो, तो लपविण्याचे कारण नाही.

मात्र एक पुरवणी येथेच जोडली पाहिजे. सफाई म्हणजे हात सदैव संथ असणे नव्हे. गाडीची शेपटी सुटलीच, तर स्टिअरिंग उलट दिशेला क्षणात फिरवावे लागते आणि पकड परत येताच तितक्याच त्वरेने सरळ करावे लागते. दुसरी क्रिया विसरणारा विरुद्ध बाजूस फेकला जातो.

ब्रेकविषयीची समजूतही अशीच उलटी आहे. जितका जोराने दाबावा तितकी गाडी लवकर थांबते, हे ओल्या काळ्या मातीवर मोटारसायकल घातलेला कोणीही मान्य करणार नाही, परंतु पडद्यापुढे बसला की तोच मनुष्य ते विसरतो. जखडलेले चाक फिरणाऱ्या चाकापेक्षा कमी रोखते आणि त्याला दिशा तर मुळीच देता येत नाही. चाके जखडू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सामान्य मोटारींत १९७८ नंतर येऊ लागली. तत्पूर्वी ते काम चालकाच्या पोटरीकडे होते. आमच्या अनुभवात ब्रेक दाबण्यापेक्षा सोडणे अवघड. वळणाच्या तोंडाशी ब्रेक एकदम सोडला तर पुढे आलेले वजन उसळून मागे जाते आणि पुढची चाके वळावयास नकार देतात. म्हणून स्टिअरिंग जसजसे वळत जाईल तसतसा पाय सैल करीत जावे लागते, कारण टायरजवळ पकडीचा साठा एकच असून तो थांबणे आणि वळणे ह्यांत वाटून द्यावयाचा असतो.

गिअरच्या बाबतीत आमच्या भागातील जुन्या ट्रकचालकांना आणि एसटीच्या निवृत्त चालकांना नवे शिकावे लागणार नाही. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून मध्ये रेस, पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर, हा डबल क्लचचा विधी त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. फरक एवढाच, की शर्यतीत तो ब्रेक दाबलेला असतानाच करावा लागतो, म्हणजे उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच्याच कडेने ॲक्सिलेटरला झटका द्यावयाचा. रेस न देता खालचा गिअर टाकला तर मागची चाके एकाएकी रोखली जाऊन जणू कोणी हातब्रेक ओढावा तसा परिणाम होतो. शिवाय खालचा गिअर म्हणजे अधिक वेग, हा हिशेब सर्वत्र लागू पडत नाही. ४ ऑगस्ट १९५७ रोजी नुर्बुर्गरिंगच्या सुमारे २३ किलोमीटरच्या वर्तुळावर, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, हुआन मान्युएल फांजिओ टायर आणि इंधनासाठी थांबून पाऊण मिनिटाहून अधिक मागे पडला, आणि त्यानंतर फेरीमागून फेरी विक्रम मोडीत त्याने पुढे धावणाऱ्या हॉथॉर्न आणि कॉलिन्स ह्या चालकांना गाठले. त्या दिवशी त्याने अनेक वेगवान वळणे नेहमीपेक्षा एक गिअर वर ठेवून घेतली होती. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा हिसका कमी आणि त्यामुळे मागच्या चाकांची पकड शाबूत राहते. आम्ही ही युक्ती लोटसवर वापरली तेव्हा पुतण्याची फेरी दीड सेकंदाने कमी झाली. फांजिओच्या त्या मासेराटी २५०एफमध्ये ॲक्सिलेटर मधोमध आणि ब्रेक उजवीकडे असे, ही गोष्ट आठवली म्हणजे त्याच्या पराक्रमाविषयीचा आदर आणखी वाढतो.

टायर घसरला म्हणजे गाडी गेली, असाही एक समज आहे. ज्याला आपल्याकडे टायरवाले नायलॉनचा टायर म्हणतात, त्या जातीचे टायर तेव्हा शर्यतींत वापरीत. रेडियल टायर ग्रां प्रीत १९७७ साली आले. रेडियल बराच वेळ घट्ट धरून ठेवतो आणि मग थोडक्या इशाऱ्याने सोडतो. जुना टायर आधीपासूनच थोडा तिरपा घसरत चालतो आणि हळूहळू, सांगून सोडतो. त्यामुळे ह्या मोटारी वळणात किंचित घसरत्या अवस्थेतच सर्वाधिक वेगवान असतात आणि त्यांना दिशा देण्याचे निम्मे काम ॲक्सिलेटर करतो. घसरणीला शत्रू मानून तिच्याशी झुंजणारा दमतो. तिचे माप ओळखून तेवढीच ठेवणारा पुढे जातो.

साधनांविषयी थोडक्यात. लाखाचे सामान लागते ही समजूत खरी नाही. साधे स्टिअरिंग, तीन पेडल आणि जमल्यास वेगळा गिअरदांडा पुरे. खर्च करावयाचाच तर ब्रेकच्या पेडलवर करावा, कारण खऱ्या गाडीत पाय अंतर नव्हे तर दाब मोजतो. आम्ही पेडलमागे जाड रबराचा तुकडा बसवून काम भागविले. चाकांची खुर्ची ब्रेकसरशी मागे पळते, म्हणून लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवली. पडद्यावरील दृष्टिक्षेत्र मात्र डोळ्यांच्या अंतराप्रमाणे मोजून ठेवावे; ते फार रुंद ठेवले तर वळण आहे त्याहून दूर भासते, आणि हाताला लागलेले अनेक धक्के मुळात डोळ्यांच्या ह्या फसगतीतून आलेले असतात.

शेवटचा गैरसमज धोक्याचा आहे, म्हणून तो स्पष्ट शब्दांत खोडला पाहिजे : सिम्युलेटर आला म्हणजे गाडी आली. काही अंशी विद्या संक्रमित होते हे निर्विवाद. जान मार्डनबरो हा ब्रिटिश तरुण २०११ साली खेळातील स्पर्धेतून निवडला गेला आणि २०१३ साली ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात सन्मानाने उभा राहिला. पण मधल्या काळात त्याने खऱ्या मार्गांवर कसून शिक्षण घेतले होते. आपल्याकडे ज्याला त्या वाटेने जावयाचे असेल त्याच्यासाठी कोल्हापुरास मोहिते रेसिंग अकादमीचा गो-कार्टचा मार्ग आहे. पडद्यापुढे बसलेल्याच्या पाठीला वेगाचा रेटा लागत नाही, पोटात गोळा येत नाही, आणि अपघातानंतर एक कळ दाबली की गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर अभंग उभी असते. ७ एप्रिल १९६८ रोजी होकेनहाइमच्या ओल्या मार्गावर क्लार्कची गाडी झाडांत शिरली, तेव्हा अशी कळ नव्हती. आणि तो तर त्या काळातील सर्वांत सफाईदार हाताचा चालक होता. सडकेवर समोरून ऊस भरलेला ट्रॅक्टर येतो, शाळेतली मुले येतात, म्हैस येते, आणि ह्यांतले काहीही झांडफोर्टच्या मार्गावर नसते. पुतण्याला पुढल्या वर्षी अठरा पूर्ण होतील. परभणीच्या परिवहन कार्यालयात शिकाऊ अनुज्ञप्तीसाठी तो इतरांप्रमाणेच अर्ज करील, आणि पहिले काही महिने मी त्याच्या शेजारी बसेन.