जकातीबरोबर हाही हिशेब व्हावा

रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की मुस्लिम घरांत हिशेब सुरू होतो. वर्षभर हाताशी राहिलेली रक्कम, सोने-चांदी, दुकानातला माल यांची बेरीज होते, देणी वजा होतात आणि उरलेल्या मालमत्तेवर अडीच टक्के जकात काढली जाते. एखादा आकडा चुकू नये म्हणून लोक मौलानांना पुन्हा पुन्हा विचारतात. ईदच्या नमाजआधी फित्राही पोहोचता केला जातो. पण इस्लामने आणखी एक हिशेब सांगितला आहे आणि तो बहुतेक वेळा राहून जातो. तो आहे माणसाचा माणसाशी असलेला हिशेब.

या आत्मपरीक्षणाला अरबीत ‘मुहासबा’ म्हणतात. नवव्या शतकातले सूफी विद्वान हारिस अल-मुहासिबी यांना ‘मुहासिबी’ हे नाव मिळाले ते याच अभ्यासामुळे. पुढे इमाम गझाली (१०५८–११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात या विषयाला स्वतंत्र भाग दिला. व्यापारी आपल्या भागीदाराशी आधी अटी ठरवतो, मग त्याच्यावर लक्ष ठेवतो आणि शेवटी नफा-तोटा तपासतो. माणसाने स्वतःच्या मनाशी असेच वागावे, असे ते सुचवतात. रोजच्या व्यवहारातले हे उदाहरण वही ठेवणाऱ्या कुणालाही पटेल.

मन जड का होते?

आज झोप लागत नाही, जीव घाबरतो, कशातच मन लागत नाही, अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. नैराश्य हा आजार आहे आणि त्यासाठी डॉक्टरांकडेच जायला हवे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांनीही आजारावर औषधोपचार करायला सांगितले आहे. आजारी माणसाला ‘तुझा ईमान कमी पडला’ असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मात्र काही जडपणा वेगळा असतो. कुणाचे तरी पैसे अडकवून ठेवलेले असतात, कुणावर खोटा आळ घेतलेला असतो, कुणाचा हक्क दाबलेला असतो. दिवसभराच्या धावपळीत तो विचार मागे पडतो आणि रात्री पुन्हा वर येतो. कुरआनने स्वतःला अंतःकरणातल्या विकारांवरचा उपाय म्हटले आहे. पण अशा दुखण्यावरचा तो उपाय नुसत्या पठणाने पुरा होत नाही. ज्याचे आहे ते त्याला परत द्यावे लागते.

तौबेची चौथी अट

इस्लामी विचारात हक्क दोन प्रकारचे आहेत. ‘हुकूकुल्लाह’ म्हणजे अल्लाहचे हक्क आणि ‘हुकूकुल इबाद’ म्हणजे माणसांचे हक्क. तौबेच्या तीन अटी सर्वांना माहीत असतात. चूक थांबवावी, तिचा पश्चात्ताप व्हावा आणि ती पुन्हा न करण्याचा निश्चय असावा. पण चूक एखाद्या माणसाच्या बाबतीत झाली असेल तर चौथी अट लागू होते. त्याचा हक्क त्याला द्यावा किंवा त्याच्याकडून माफी मिळवावी.

प्रेषितांनी एकदा सोबत्यांना विचारले की, दिवाळखोर कोण? ज्याच्याजवळ पैसा नाही तो, असे उत्तर आले. त्यावर प्रेषितांनी सांगितले की, जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, पण ज्याने कुणाला शिवी दिली, कुणावर आळ घेतला, कुणाचा माल खाल्ला, तो खरा दिवाळखोर. त्याची पुण्याई त्या-त्या माणसांना वाटली जाईल आणि ती संपली की त्यांची पापे त्याच्या माथी येतील. महिनाभर उपाशी राहणाऱ्याने या हदीसवर थोडे थांबून विचार करावा.

कुरआनातली सर्वांत लांब आयत नमाज किंवा रोजाबद्दल नाही. ती उधारीचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवण्याबद्दल आहे. आजही अनेक ठिकाणी जनाजाच्या वेळी ‘मयताकडे कुणाचे देणे असेल तर आम्हाला सांगा’ असे वारस जाहीर करतात. पण ते देणे जिवंतपणी फेडता येत असेल, तर वारसांवर का सोडावे?

घरातली थकबाकी

सगळ्यांत मोठी थकबाकी बहुधा घरातच असते. कुरआनने मुलीचा वारसाहक्क ठरवून दिला आहे, तो भावाने मर्जीने द्यायची देणगी नाही. तरीही बहिणीला तहसीलला नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. माहेर तुटू नये म्हणून तीही गप्प राहते. अशा सहीला राजीखुशी म्हणायचे का, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. हा प्रश्न केवळ मुस्लिम घरांचा नाही. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना समान हक्क मिळाला, तरी हक्कसोडपत्रे थांबलेली नाहीत.

मेहरचेही तसेच. ते पतीवरचे कर्ज आहे. काही घरांत नवरा गेल्यावर, जनाजा उठायच्या आधी, रडणाऱ्या बायकोला ‘मेहर माफ केला म्हण’ असे सांगितले जाते. त्या घडीला ती नाही कशी म्हणेल?

दुसरी थकबाकी जिभेची, आणि आता बोटांचीही. पूर्वी निंदा ओट्यावर बसलेल्या चार माणसांत व्हायची. आता एक खोटा संदेश पुढे ढकलला की क्षणात शेकडो मोबाइलवर जातो. खोटे बोलणे न सोडणाऱ्याच्या उपवासाची अल्लाहला गरज नाही, अशा अर्थाची हदीस आहे. ज्या ग्रुपवर खोटे पसरवले, त्याच ग्रुपवर ‘ते खरे नव्हते’ असे लिहिणे ही त्यावरची भरपाई आहे.

फेडायचे कसे?

मार्ग सोपे आहेत, फक्त अहंकार आडवा येतो. पैसे असतील तर आजच द्यावेत. नसतील तर तोंड चुकवण्याऐवजी समोर जाऊन मुदत मागावी. देणेकऱ्याला सवड मिळेपर्यंत थांबावे आणि कर्ज सोडून देणे अधिक चांगले, असे कुरआन सावकारालाही सांगतो. जकात ज्या आठ प्रकारच्या लोकांना देता येते, त्यांत कर्जात बुडालेलेही आहेत. ज्याचे देणे आहे तो हयात नसेल तर वारसांना द्यावे. वारसही सापडले नाहीत तर त्याच्या नावाने दान करावे. पाठीमागे केलेली निंदा सांगून समोरच्याला अधिक दुःख होणार असेल, तर त्याच्यासाठी दुआ करावी आणि जिथे निंदा केली तिथेच त्याचे चांगले गुण सांगावेत, असा काही विद्वानांचा सल्ला आहे.

ही शिकवण आपल्या मातीला परकी नाही. जैन बांधव संवत्सरीला एकमेकांची क्षमा मागतात. संत तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, ही कथा महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. घेणेकऱ्यालाही सोडून देण्यात मोकळेपणा मिळतो, हेच त्यातून दिसते.

ईदला अजून काही दिवस आहेत. जकातीचा हिशेब ज्या कागदावर मांडला, त्याच कागदाच्या मागे चार नावे लिहावीत. बहीण, बायको, वर्षानुवर्षे बोलणे टाकलेला शेजारी, पगार अडलेला कामगार. जमेल तेवढ्यांचे देणे चुकते करावे, उरलेल्यांकडे जाऊन मुदत किंवा माफी मागावी. मग ईदगाहवरच्या गळाभेटीत कुणाची नजर चुकवावी लागणार नाही.