बाहुलीचा इशारा

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो आणि त्याच सुमारास जैन घराघरांतून चातुर्मासाची तयारी सुरू होते. एकासणे, आयंबिल, उपवास, अठ्ठाई अशा तपांचे संकल्प होतात. ज्या घरातील वडीलधाऱ्यांना मधुमेह आहे, तेथे मात्र संकल्पापूर्वी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे. साखर उतरली तर त्यांच्या शरीराला ते कळेल काय?

निरोगी शरीरात साखर घसरली की घाम सुटतो, हात कापतात, छाती धडधडते. हा इशारा देणारे चेतातंतू माणसाच्या इच्छेविना काम करतात. हृदयाची गती, रक्तदाब आणि पचन हेही त्यांच्याच स्वाधीन असते. वर्षानुवर्षे वाढलेल्या साखरेने हे तंतू झिजतात. मग इशाराच मिळत नाही. क्वचित हृदयविकाराचा झटकाही वेदनेविना येऊन जातो.

याच तंतूंची एक जोडी डोळ्याच्या बाहुलीवर काम करते. एक तंतू उजेडात बाहुली आकुंचित करतो, दुसरा अंधारात तिला विस्तारतो. मधुमेहात हा दुसरा तंतू बहुधा आधी दुबळा होतो; म्हणून अंधारातही बाहुली लहानच राहते. 1978 साली लंडनच्या संशोधकांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या लक्षणांची मांडणी केली होती.

तपासणी साधी व वेदनारहित असते. काही मिनिटे अंधारात बसवून अवरक्त कॅमेऱ्याने बाहुलीचा व्यास मोजतात. नंतर क्षणभर प्रकाश टाकून ती किती वेळाने, किती वेगाने आकसते व पूर्ववत होते, हे यंत्र टिपते. वयानुसार बाहुली लहान होतच असते, काचबिंदूचे थेंबही तिच्यावर परिणाम करतात. म्हणून केवळ या तपासणीवरून निदान करीत नाहीत.

हे यंत्र सर्वत्र नसते. परंतु त्यावाचून अडत नाही. मिनिटाला सहा या गतीने दीर्घ श्वास घेताना नाडीच्या गतीत मिनिटाला पंधरा ठोक्यांचा तरी फरक पडावा. तो दहाहून कमी असल्यास शंका घ्यावी. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा रक्तदाब 20 अंकांनी उतरला, तर तोही इशाराच. प्रौढपणीच्या मधुमेहात निदान होताच अशी तपासणी व्हावी, असे तज्ज्ञ सांगतात. पडदा तपासताना थेंब घालूनही बाहुली नीट विस्तारली नाही, तर ती गोष्ट मधुमेहाच्या डॉक्टरांच्या कानावर घालावी.

देशात 10 कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे 2023 च्या ‘आयसीएमआर’ अहवालात नमूद आहे. दिवसभर गादीवर बसून व्यवहार सांभाळणाऱ्यांनी हा आकडा परका मानू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासापूर्वी डॉक्टरांना भेटावे व मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये. साखर 70 च्या खाली गेल्यास तत्काळ गोड घ्यावे. पच्चक्खाणातही समाधीसाठी आगार ठेवलेलाच आहे. पेढीवरचा हिशोब दर दिवाळीला तपासला जातो. देहाचा हिशोबही वर्षातून एकदा, चातुर्मासापूर्वी, तपासून घ्यावा.