विश्लेषण : गुलाबी सोने ठिसूळ का होते? अणूंच्या रचनेचा दागिन्याशी संबंध काय?

२२ कॅरेटच्या जोडीला १८ कॅरेटचे तांबूस झाक असलेले ‘रोझ गोल्ड’ दागिनेही आता सराफी दुकानांत दिसतात. हे सोने तापवून चुकीच्या पद्धतीने थंड केले, तर ठिसूळ होऊ शकते. त्याचे उत्तर अणूंच्या मांडणीत आहे.

शुद्ध सोने मऊ का?

सोन्यातील अणू मोकळ्या इलेक्ट्रॉनच्या सामाईक साठ्याने बांधलेले असतात. या धातुबंधाला ठरावीक दिशा नसते. त्यामुळे ठोकल्यावर अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, पण तुटत नाहीत. हिऱ्यात उलटे घडते. तिथे प्रत्येक कार्बन अणू चार शेजाऱ्यांशी ठरावीक दिशांनी जोडलेला असतो. म्हणून हिरा कठीण असतो, पण वाकत नाही.

तांबे मिसळल्यावर काय होते?

तांब्याचा अणू सोन्याच्या अणूपेक्षा सुमारे ११ टक्के लहान असतो. तो सोन्याच्या जागी बसला की आसपासची रचना किंचित वेडीवाकडी होते, थर सहज सरकत नाहीत आणि दागिना टणक होतो. चांदीचा अणू जवळपास सोन्याएवढाच असल्याने तिचा हा परिणाम कमी असतो.

मग ठिसूळपणा कुठून येतो?

१८ कॅरेट म्हणजे वजनाने ७५ टक्के सोने. मात्र तांब्याचा अणू सोन्याच्या अणूच्या जवळपास एकतृतीयांश वजनाचा असतो. त्यामुळे उरलेले सगळे तांबेच असेल, तर दोन्ही अणूंची संख्या जवळपास सारखी होते. तापलेल्या धातूत हे अणू कसेही विखुरलेले असतात. पण धातू सावकाश थंड झाला, तर साधारण ४१० अंश सेल्सिअसखाली ते शिस्तीत बसू लागतात : एक थर सोन्याचा, एक तांब्याचा. या शिस्तीत मूळ घनाकार रचना एका बाजूने सुमारे ७ टक्के आखूड होते. वेगवेगळे भाग वेगवेगळ्या दिशांना आकसतात, आत ताण साठतो आणि तडे जाऊ शकतात. सोने-तांब्यातील हा बदल रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय कुर्नाकोव्ह व सहकाऱ्यांनी १९१६ मध्ये मांडला.

सोनार काय करतात?

लालसर सोने तापवल्यावर ते झटकन पाण्यात बुडवतात. अणूंना रांग लावायला वेळच मिळत नाही, विस्कळीत रचना तशीच गोठते आणि सोने मऊ राहते. पोलादाला पाणी दिले की ते कठीण होते. इथे नेमके उलटे घडते.

ग्राहकांनी काय लक्षात घ्यावे?

हॉलमार्कवरील ‘७५०’ हा आकडा सोन्याचे प्रमाण सांगतो, अणूंची मांडणी नाही. त्यामुळे शुद्धता पूर्ण असूनही दागिना तडकू शकतो. अंगठी लहान-मोठी करताना किंवा डाग देताना ती तापवावी लागते. हे काम लालसर सोन्याची सवय असलेल्या कारागिराकडेच द्यावे.