पहिल्या प्रकरणाची भवानी

बोरिवलीहून विरारकडे निघालेल्या लोकलचे सहावे स्थानक नालासोपारा. प्राचीन काळी येथे शूर्पारक, अर्थात सोपारा, हे नामांकित बंदर होते. इ. स. ७७९ मध्ये जाबालिपुरात, म्हणजे आजच्या राजस्थानातील जालोर येथे, उद्द्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ हा प्राकृत कथाग्रंथ पूर्ण केला. त्यातील लोभदेवाच्या कथेत हे बंदर येते. अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या घरांत आज कितीतरी मुलेमुली मोबाइलवर अद्भुतरम्य कादंबरी क्रमशः लिहीत आहेत. पहिले प्रकरण कसे रचावे, याचा धडा त्यांना या जुन्या कथेत सापडेल.

नवा लेखक बहुधा आरंभीच सात राज्यांचा नकाशा, राजघराण्यांची वंशावळ आणि मंत्रविद्येचे सारे नियम मांडून बसतो. गिऱ्हाइकाने पायरी चढताच त्याच्यापुढे अख्खे गोदाम रिकामे करावे, तसे हे होते. मोबाइलवरचा वाचक तर दुकानात शिरलेलाही नसतो. तो रस्त्यावरूनच डोकावत असतो. त्याला थांबवायला एकच वस्तू पुढे ठेवावी लागते.

उद्द्योतनसूरींनी नेमके हेच केले आहे. तक्षशिलेजवळच्या गावातील धनदेव इतका लोभी, की लोकांनी त्याचे नावच लोभदेव ठेवले. तो घोडे विकण्यासाठी सोपाऱ्यास येतो आणि भद्रश्रेष्ठी नावाच्या वृद्ध व्यापाऱ्याकडे उतरतो. येथवर सारे ओळखीचे: माल, प्रवास, पाहुणचार. मग व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात कोण कोणता माल घेऊन कोठे गेला, याच्या गोष्टी निघतात. त्यांत एकजण सांगतो, की त्याने रत्नद्वीपास कडुनिंबाची पाने नेली आणि बदल्यात रत्ने आणली.

एवढ्या एका सौद्याने अद्भुताचे दार उघडते. रत्नद्वीपाचा इतिहास सांगावा लागत नाही. पानांच्या मोलाने मिळालेली रत्ने पुरतात. लोभदेवाच्या मनात इच्छा पेटते आणि वाचकाच्या मनात कुतूहल. भद्रश्रेष्ठीचे जहाज याआधी सात वेळा बुडालेले आहे, तरी लोभदेव त्याला भागीदारीस राजी करतो. आजच्या लेखकाने पहिले प्रकरण येथेच थांबवावे. जहाज सुटलेले असावे आणि सात अपयशांची सावली त्यावर पडलेली असावी.

पुढे काय होते? परतीच्या वाटेवर लोभदेव भागीदाराला समुद्रात ढकलतो. मेलेला भद्रश्रेष्ठी राक्षस होऊन जहाज बुडवतो. हा राक्षस आभाळातून पडलेला नाही. तो विश्वासघातातून जन्मला आहे. त्याचे बीज पहिल्या भेटीतच, यजमानाच्या भाबड्या विश्वासात पेरलेले होते. चमत्काराला असे मानवी कारण नसेल, तर तो केवळ रोषणाई ठरतो.

म्हणून पहिल्या प्रकरणात चार गोष्टी असाव्यात: ओळखीचे जग, एकच नवल, एक अनावर इच्छा आणि तिची किंमत मोजावी लागेल अशी चाहूल. बाकीचा माल गोदामात राहू द्यावा. मागणी येईल तसा काढावा.

घरातील मुलगी लिहिते हे कळल्यावर ‘यातून मिळणार काय?’ असे विचारण्याआधी थोरांनी तिचे पहिले प्रकरण रात्रीच्या निवांत वेळी मोठ्याने वाचवून घ्यावे. ऐकता ऐकता आजीने ‘मग पुढे?’ असे विचारले, तर त्या कथेची भवानी झाली.